नजरेचा घास

मला पहिल्यांदा पाहणारा माणूस हमखास दोनपैकी एक गोष्ट करतो. एक तर "माझं काय चुकलं?" असं विचारतो, नाहीतर मान वळवून स्वतःच्या पाठीमागे बघतो, की असं काय आलं तिकडून म्हणून हा गृहस्थ एवढा दचकला. मी दचकलेलो नसतो. रागावलेलोही नसतो. बहुतेक वेळा मी जेवणाचा विचार करत असतो. पण माझे डोळे गेली कित्येक वर्षं कायमचे दचकलेले आहेत, आणि त्यांना समजावून आत बसवणं मला, माझ्या बायकोला, खामगावच्या एका डॉक्टरला आणि नागपूरच्या इस्पितळाला, कुणालाच पुरतं जमलेलं नाही.

मेहकरला कचेरीसमोरच्या कडुनिंबाखाली माझी बैठक आहे. मी अर्जनवीस. ज्याला लिहिता येत नाही, किंवा लिहिता येतं पण सरकारपुढे रडता येत नाही, त्याचं गाऱ्हाणं मी नीट कागदावर रडून देतो. 'गरीब रयत', 'पायांची धूळ', 'लेकराबाळांचा दुवा' हे शब्द माझ्या बोरूच्या टोकावर तयारच असतात. मी शिकलेला तसा बेताचा. पण मेळ्यात, उत्सवात जिथे म्हणून उभं राहून बोलायला मिळेल तिथे मी तोंडाला रंग लावून उभा राहिलेला आहे. ती सवय धंद्यात कामी आली. माझा अर्ज साहेबाने नामंजूर केला तरी वाचताना त्याची करमणूक झाली नाही, असं कधी झालं नाही.

तर त्या उन्हाळ्यात मला भूक लागू लागली. भूक सगळ्यांनाच लागते, पण ही भूक वेगळी होती. सकाळी भाकरी खाऊन कचेरीशी येईपर्यंत पोटात पुन्हा रिकामं गोदाम. दुपारी डबा, मग फुटाणे, मग शेजाऱ्याचा डबा. हा शेजारी म्हणजे स्टँप विकणारा माझा दोस्त. आमच्या दोघांत मिळून एक सतरंजी आणि एक पाण्याचं मडकं. तो वयाने मोठा, अंगाने भक्कम आणि तोंडाने फटकळ. एक दिवस त्याने आपला डबा उघडला तर आत फक्त लोणच्याची फोड उरलेली.

"काऊन बे, माह्या भाकरी कुठं गेल्या?"

"मीच खाल्ल्या."

"अन् तुह्या?"

"त्या आधी खाल्ल्या."

"मंग जाते कुठं बे हे सारं? तुह्या अंगावर तर कोट खुंटीवर टांगल्यावानी दिसून राह्यला!"

ते खरं होतं. खाणं वाढत होतं आणि मी कमी होत होतो. धोतराची गाठ रोज थोडी आत सरकत होती. सावलीत बसूनही घाम. छातीत कुणी लग्नाचा ताशा धरल्यासारखी धडधड. आणि हात असे थरथरत की कागदावर अक्षरं थंडीत कुडकुडल्यासारखी उभी राहत. पण धंद्याला त्याचा उपयोग झाला. थरथरत्या अक्षरातला अर्ज पाहून साहेबांना वाटे, अर्जदार फारच म्हातारा दिसतो, बिचाऱ्याचं काम आधी करून टाकावं. चांगले धडधाकट, मिशांना पीळ भरणारे लोक माझ्या अक्षरामुळे सरकारदरबारी म्हातारे झाले.

मग डोळ्यांतून पाणी यायला लागलं. उठल्याबसल्या पाणी. वारा लागला की पाणी, ऊन लागलं की पाणी. लोणार भागातला एक शेतकरी धुऱ्याचं भांडण घेऊन आला होता. भावाने नांगर घालून धुरा, म्हणजे दोन शेतांमधला बांध, आपल्या बाजूला सरकवला होता. तो सांगत होता आणि मी समोर पाहत ऐकत होतो. माझ्या दोन्ही गालांवरून धारा लागल्या. तो बोलता बोलता थांबला. मग उठून कडुनिंबाखालच्या सगळ्या लोकांना ओरडून म्हणाला, "पाह्या हो, पाह्या! माह्या सख्ख्या भावाच्या डोयात पानी नाई, अन् या परक्या मानसाले रडू येऊन राह्यलं!"

त्या आठवड्यापासून माझ्यापुढे रांग लागली. लोक दूरदूरच्या खेड्यांतून येत आणि विचारत, "तो रडून लिवनारा कोन्ता?" स्टँपवाला बोट दाखवी. मी मान तुकवी. मला वाटू लागलं होतं की आपल्याला खरोखरच कळवळा फुटलेला आहे. इतकी वर्षं कागदावर रडता रडता आपलं काळीज मऊ झालेलं आहे. एवढ्या थोर माणसाच्या शेजारी बसायला मिळतं याची स्टँपवाल्याला कदर नाही, हे मात्र मनाला लागे.

त्यानंतर डोळे पुढे यायला लागले.

हे एका दिवसात झालं नाही. आमच्याकडे आरसा तळहाताएवढा. त्यात एका वेळी एकच गाल दिसे. मला स्वतःला कळलं ते लोकांवरून. कोर्टाचा शिपाई, जो मला वर्षानुवर्षं 'ए अर्जवाले' म्हणे, तो 'या साहेब' म्हणू लागला. रस्त्यातली भांडणारी पोरं मी नुसता वळून पाहिलं की पांगत. मी स्टँपवाल्याला म्हणालो, "माणसाला वयाबरोबर एक तेज येतं बघ."

तो म्हणाला, "तेज नोय बे ते. तू जसा बेडकावानी पाहून राह्यला ना, मलेबी भेव लागते."

त्या तेजाचा एक त्रास होता. वर किंवा बाजूला पाहिलं की मला एकाचे दोन दिसत. कचेरीला दोन दारं, दारात दोन शिपाई, आत दोन तहसीलदार. एकच तहसीलदार माणसाला पुरे होतो. मी एकदा मोठ्या अदबीने वाकून सलाम केला तो नेमका नसलेल्याला, आणि असलेला बाजूला उभा राहून माझ्याकडे पाहत राहिला. एक डोळा तळहाताने झाकला की सगळं पुन्हा एकेक होई, म्हणून मी तसा चालू लागलो. लोकांना तोही एक नवा सलामच वाटला. दोघातिघांनी तो उचललासुद्धा.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. वऱ्हाडात अंगणात पापड वाळत असोत, कढईत काही तळत असो, त्याच्यावर परक्याची भुकेली नजर पडली की घरच्या बाईला चैन पडत नाही. पापड चिरतील, वडे फुटतील, खाणाऱ्याचं पोट दुखेल. मग ती काय करते? ज्याची नजर पडली त्याला हाकलत नाही. त्याच्याच हातावर त्यातलं थोडं ठेवते. हातात पडलं, तोंडात गेलं, की नजर निवली. मग तिचं विष उरत नाही.

माझ्यासारखी भुकेली नजर मेहकरात दुसरी नव्हती, आणि आता ती हातभर पुढे येऊन लोकांच्या अंगणात डोकावत होती. गल्लीतून मी जाताना बायका आतूनच ओरडत, "अवो, थांबा, थांबा, पुढं नका जाऊ!" आणि हातावर कुरडई पडे. पुढच्या घरी सांडगा. त्याच्या पुढच्या घरी गरम धपाटा आणि त्यावर लोण्याचा गोळा. मी मुद्दाम लांबच्या रस्त्याने कचेरीला जाऊ लागलो. हलवायाच्या दुकानासमोर उभं राहून मी नुसता श्वास घेई. तो बिचारा स्वतःच जिलबी आणून देई आणि हात जोडी. मी खात होतो, वाळत होतो, आणि आपण गावात किती लाडके आहोत या विचाराने अधूनमधून आणखी पाणी गाळत होतो.

या सगळ्या दिवसांत माझी बायको माहेरी होती, बीबीला, बाळंतपणाला.

आमच्या लग्नाला पुष्कळ वर्षं झाली होती. त्याआधी दोनदा पाळण्याची दोरी विकत आणली होती आणि दोनदा ती खुंटीवर तशीच राहिली होती. त्यामुळे यावेळी आम्ही दोघं त्या विषयावर मोठ्याने बोललोसुद्धा नव्हतो. सातव्या महिन्यात तिला छकड्यात बसवून दिलं तेव्हा मी एवढ्या आडव्यातिडव्या गोष्टी सांगत सुटलो होतो की ती म्हणाली, "अवो, बैलंबी थकले तुमचं आयकून." तेव्हा माझे डोळे जागच्या जागी होते. मग निरोप आला: मुलगी झाली, दोघी सुखरूप.

मी बोरू तिथेच टाकला. एका माणसाचा अर्ज 'सबब विनंती' इथे थांबला होता. तो तसाच थांबला. सर्व्हिस मोटारीने सुलतानपूरपर्यंत आणि पुढे मिळेल त्या गाडीने मी बीबीला पोचलो. वाटेत मी भाषण तयार केलं होतं. लेकीला पहिल्यांदा पाहताना बाप काय बोलतो याला माझ्या मते काहीतरी वजन असायला हवं होतं.

दारात सासूबाई होत्या. आमच्याकडच्या रीतीने मी त्यांना मामी म्हणतो. बाई उंच, काटक. नवऱ्यामागे शेती स्वतः केलेली. कोतवालापासून पाटलापर्यंत कुणापुढे मान खाली न घातलेली ही बाई मला पाहून दोन पावलं मागे सरली.

"अवो माय! जवाईबापू, हे काय झालं तुमच्या डोयाले?"

"तेज आलंय, मामी," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे न बघता पाय धुवायला पाणी दिलं. मी ओसरीवर बसलो तोवर आत काहीतरी खुडबुड झाली, आणि मी उठून पाहतो तर बाळंतिणीच्या खोलीच्या दारावर दोरी बांधून एक जुनं लुगडं आडवं सोडलेलं.

"हे कशाला?"

"राग नका मानू, जवाईबापू. तुमच्यावर माहा काई राग नाई. पन एवढ्या वर्सानं देवानं तोंडाकडं पाह्यलं. दोनदा हातचं गेलं. तुमची नजर... तुमीच आरशात पाह्या. पोरगी लई नाजूक हाये. डोये बरे होऊ द्या, मंग पाह्या. लेक कुठं पयून चालली काय?"

मी हसलो. एवढंसं हसून झाल्यावर मला दिसलं की त्या हसत नाहीत. त्यांचे हात लुगड्याची कड घट्ट धरून होते. या बाईने पूर्वी दोनदा माझ्या बायकोचं डोकं मांडीवर घेऊन रात्री काढल्या होत्या. अर्जनवीस असलो तरी अशा माणसापुढे युक्तिवाद करायला शब्द फुटत नाहीत, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. लुगड्याच्या पलीकडून एक बारीकसा आवाज आला, मांजराच्या पिल्लाने जांभई द्यावी तसा. माझं भाषण तिथेच संपलं.

मला चांगलं खाऊपिऊ घातलं. आत बाळंतिणीसाठी केलेले डिंकाचे लाडू दिसले. ते मला दिसले हे सासूबाईंना दिसलं. मग त्यातले माझ्या हातावर आले. नंतर आणखी आले. माझ्या बायकोच्या वाट्याचे निम्मे लाडू मी त्या दिवशी नजरेच्या जोरावर खाल्ले, आणि मग ओसरीवर पंच्याचं उसं करून झोपलो.

सासूबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मीही त्यांच्याकडे पाहत होतो. त्या म्हणाल्या, "चहा ठेवू का?" मी पाहत राहिलो. त्यांनी पुन्हा विचारलं. मी पाहत राहिलो. मग त्यांच्या ध्यानात आलं की मी घोरतो आहे.

तांब्या पडल्याच्या आवाजाने मी जागा झालो तेव्हा सासूबाई अंगणाच्या दुसऱ्या टोकाला होत्या.

थोड्या वेळाने लुगड्यामागून बायकोचा आवाज आला. हळू, पण मला ठाऊक असलेल्या त्या पक्क्या सुरात. "आयकलं का? माय म्हनते तुमी डोये उघडे ठिवून घोरता."

"मी घोरत नाही," मी म्हणालो.

"बरं, नाई घोरत. पन डोये?"

झोपेत आपले डोळे मिटतात की नाही हे कुणाला माहीत असतं? मग मला एकेक आठवायला लागलं. रोज सकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायचं. मी बाजाराच्या धुळीला दोष देत होतो. लाल रेघा, मी उन्हाला दोष देत होतो. एका ओळीत बसून सगळी लक्षणं माझ्याकडे वटारून पाहायला लागली. "भूक लागते?" तिने विचारलं. "हात कापतात? छाती धडधडते?" मी लुगड्याकडे तोंड करून हो, हो म्हणत गेलो. शेवटी ती म्हणाली, "डागदराले दाखवा. उद्याच. तुमाले माही आन हाये." आणि मग जरा थांबून, "पोरीचं नाक तुमच्यावर गेलं. बाकी बरी हाये."

दुसऱ्या दिवशी मेहकरहून मी खामगावच्या मोटारीत होतो. स्टँपवाल्याने धंदा बंद ठेवून सोबत केली. वाटभर तो मला म्हणत होता, "तुह्या तेजाची वरात निघाली बे."

डॉक्टर म्हातारे होते, बोलण्यात पुणेरी सफाई आणि चेहऱ्यावर कंटाळा. त्यांनी मला खुर्चीत बसवलं, मनगट धरलं, आणि म्हणाले, "धावत आलात?"

"नाही, मोटारीने आलो."

"नाडी धावत आली आहे तुमची." मग त्यांनी एक बोट माझ्या डोळ्यांसमोर धरून हळूहळू खाली आणलं. "फक्त बोटाकडे बघा. हं. डोळा खाली गेला, वरची पापणी मागेच राहिली. बुबुळाच्या वर पांढरं दिसतंय." हे ते मला नाही, स्टँपवाल्याला दाखवत होते, आणि तो वाकून, हात मागे बांधून, बैलबाजारात पाहावं तसं पाहत होता. मग त्यांनी मला घोटभर पाणी प्यायला लावून माझा गळा चाचपला.

त्यांनी जे सांगितलं ते मी नंतर इतक्या जणांना रंगवून सांगितलं आहे की त्यात माझं किती आणि त्यांचं किती हे आता मलाच कळत नाही. पण गाभा असा: गळ्यात पुढच्या बाजूला एक ग्रंथी असते, पंख पसरलेल्या फुलपाखरासारखी. शरीराची शेगडी किती पेटवायची हे ती ठरवते. माझ्या ग्रंथीने शेगडी भडकवून ठेवली होती. म्हणून भूक, म्हणून घाम, म्हणून हातांची थरथर, म्हणून खाल्लेलं जळून जात होतं. याच दुखण्यात काहींच्या डोळ्यांमागचं मांस आणि चरबी सुजते. डोळा ज्या हाडाच्या खोबणीत बसतो ती काही सैल होत नाही. मग डोळ्याला जायला एकच वाट उरते, पुढची. स्नायू आखडले की दोन्ही डोळे एका जागी पाहत नाहीत, म्हणून एकाचे दोन. पापण्या पुरत्या मिटत नाहीत, म्हणून डोळा सुकतो आणि वरवर पाणी गाळत राहतो.

"म्हणजे ते रडणं..." मी विचारलं.

"रडणं कसलं? कोरडेपणा आहे तो."

स्टँपवाला एवढ्या मोठ्याने हसला की बाहेरचे रोगी आत डोकावले.

"डोळे आत जातील ना, डॉक्टर?" मी विचारलं. लुगडं माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हतं. "बारशापर्यंत?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "गळ्याचं मी सांगू शकतो. आयोडीनचे थेंब देतो, दुधातून घ्या. थोडी आग शमली की नागपूरला जाऊन ग्रंथी कापून घ्या. डोळ्यांचं नाही सांगू शकत. काहींचे थोडे आत जातात. काहींचे असेच राहतात. काहींचे तर गळा बरा झाल्यावर आणखी पुढे येतात. मला काळजी ती नाही. रोज झोपेत तुमचं बुबुळ उघडं पडतं आहे. त्यावर फूल, म्हणजे पांढरा डाग, पडलं तर मग दिसायचंच बंद होईल. डोळ्यांत एरंडेल तेलाचे थेंब घाला, झोपताना पापण्यांवर पट्टी बांधा, उशाला उंचवटा करा, बाहेर काळा चष्मा लावा. बिडी ओढता?"

"कधीमधी."

"लई ओढते," स्टँपवाला म्हणाला.

"सोडा."

बाहेर आल्यावर मी काहीच बोललो नाही. स्टँपवाल्याला ते इतकं नवीन होतं की त्यानेच घाबरून मला भजी घेऊन दिली. मी ती हातात धरून बसलो. सासूबाई म्हणत होत्या, डोळे बरे झाले की पाहा. डॉक्टर म्हणत होते, डोळे असेच राहतील, आणि जपले नाहीत तर पाहणंच राहून जाईल. म्हणजे मी जर लेकीला पाहायचं, तर याच डोळ्यांनी, आणि लवकर.

बारशाला मी काळा चष्मा लावून बीबीला गेलो. चष्मा खामगावच्या बाजारातला, काचा बाटलीच्या बुडाएवढ्या जाड. मला वाटलं होतं, नजर झाकली की प्रश्न मिटला. ओसरीवर बायका जमलेल्या होत्या. सासूबाईंनी मला आपादमस्तक न्याहाळलं.

"आता तर समजतबी नाई कुठं पाहून राह्यले ते," त्या म्हणाल्या, आणि लुगडं सारखं केलं.

तेव्हा मी ठरवलं की आता बोलायचंच. आयुष्यभर इतरांची गाऱ्हाणी लिहिली. आज स्वतःचा अर्ज तोंडी. चष्मा काढून मी ओसरीच्या मध्यभागी उभा राहिलो, उपरणं खांद्यावर सारखं केलं आणि सुरुवात केली. मी ग्रंथी समजावली, फुलपाखरू समजावलं. शेगडी सांगताना चुलीकडे हात केला, खोबण सांगताना मूठ वळून तिच्यातून लिंबू पुढे काढून दाखवलं. मी खालच्या आवाजात गेलो, वरच्या आवाजात आलो. 'बापाचं काळीज' या शब्दावर मी थांबलोसुद्धा. बायका तोंडाला पदर लावून ऐकत होत्या. मला वाटलं, जिंकलो.

सासूबाई म्हणाल्या, "लई चांगलं बोलता तुमी. पन ते लिंबू ठिवा खाली. पोरीची नजर उतरवाले आनलं व्हतं."

मी लिंबू ठेवलं. आणखी एक लिंबू असतं तर मी आणखी बोललो असतो. पण शब्द संपले होते. मी खाली बसलो. सवयीने समोरच्या ताटाकडे पाहिलं. त्यात घुगऱ्या होत्या. सासूबाईंनीही सवयीने मूठभर उचलल्या आणि माझ्या हातावर ठेवल्या.

तेवढ्यात लुगड्यामागून बायको बोलली.

"माय, घुगऱ्या काऊन देल्या त्याइले?"

"काऊन म्हंजे? नजर पडली ना त्यायची."

"हातात देल्यावर निवते ना नजर?"

"हाव, निवते. माह्या सासूपासून चालत आलं हे."

"मंग पोरगीबी हातात दे ना."

सासूबाई दाराकडे पाहत उभ्या राहिल्या. त्यांच्याच सासूपासून आलेली रीत होती. तिला नाही म्हणायचं तर माझ्या हातावरच्या घुगऱ्याही परत घ्याव्या लागल्या असत्या. ओसरीवरची एक म्हातारी म्हणाली, "खरं बोलून राह्यली पोरगी." मग दुसरी म्हणाली. माझ्या एवढ्या भाषणाला एकीनेही मान डोलावली नव्हती.

सासूबाईंनी लुगडं बाजूला केलं. आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातांत कुंची घातलेलं एक गाठोडं होतं आणि त्यांच्या ओठांची हालचाल चालली होती. कुठल्या देवाला काय कबूल करत होत्या त्यांनाच माहीत. माझ्यासमोर आल्यावर त्या क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, "दोन्ही हातांनी धरा." आणि दिलं.

मला दोन मुली दिसल्या. एक डोळा झाकायला हात मोकळा नव्हता, म्हणून दोन्ही तशाच राहिल्या, शेजारी शेजारी, एकमेकींत थोड्या मिसळलेल्या. दोघींना माझं नाक. मी कुठली खरी हे शोधायला गेलो नाही. इतकी वर्षं एकीची वाट पाहिली होती. दोन मिळत असतील तर तक्रार कशाला?

त्या रडत होत्या. पण माझे हात थरथरत होते ना. त्या बारीक, न थांबणाऱ्या थरथरीत कुंची आपोआप हलत राहिली, आणि हळूहळू रडणं बारीक झालं. "पाह्य माय, पायन्याचीबी गरज नाई," रिकाम्या पाळण्याकडे बोट दाखवत कुणीतरी म्हणालं.

सासूबाई मात्र माझ्या तोंडाकडे निरखून पाहत होत्या. सगळ्याच बायका पाहत होत्या. बीबीपर्यंत कीर्ती पोचलेला, मेहकरातला रडून लिहिणारा माणूस लेक हातात आल्यावर काय करतो, हे पाहायला त्या थांबल्या होत्या. मीही वाट पाहत होतो. पण बारा वाटांनी वाहणारे माझे डोळे त्या दिवशी ठणठणीत कोरडे राहिले.

"असा कसा हा मानूस?" सासूबाई म्हणाल्या. "परक्याच्या धुऱ्यासाठी रडते, अन् पोटच्या पोरीसाठी एक टिपूस नाई!"

"तेल घातलंय, मामी," मी म्हणालो. "एरंडेलाचं. त्याने पाणी थांबलं."

बायका हसता हसता एकमेकींच्या अंगावर पडल्या. सासूबाईही हसल्या, पदराआड, आणि त्यांच्याच डोळ्यांतून पाणी आलं. त्यांची ग्रंथी ठीक होती.

मग त्यांनी हात पुढे केले. "आना आता इकडं. निवली असंल नजर."

मी खाली पाहिलं. दोन्ही लेकी झोपल्या होत्या. चारही पापण्या अगदी काठापर्यंत मिटलेल्या, एवढीशीही फट नाही. मी ते एकदा पाहिलं, पुन्हा पाहिलं, वाकून पुन्हा पाहिलं.

"थांबा, मामी," मी म्हणालो. "अजून नाही निवली."